अरणीतील अग्नी आणि भाविकाचे मंथन



 गाभाऱ्यासमोर उभे राहिले की दृष्टीस प्रथम पडतो तो नंदादीप. आरतीचे तबक समोर आले की आपण त्या ज्योतीवर हात धरतो व ते हात डोळ्यांना लावतो. ही कृती आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की तो अग्नी आला कोठून, हा प्रश्न मनाला शिवतही नाही. काडेपेटीतील एक काडी ओढली, ज्योत लागली, काम झाले! परंतु यज्ञासाठी अग्नी हवा असेल तर आपल्या पूर्वजांनी एक वेगळा मार्ग सांगितला आहे. तो दीर्घ आहे, कष्टाचा आहे आणि म्हणूनच मननीय आहे. त्याचे नाव अरणिमंथन. दोन लाकडे एकमेकांवर घासून त्यांतून अग्नी प्रकट करण्याच्या या विधीत भक्तिमार्गाचे मर्म साठवलेले आहे. त्याचाच विचार आज आपण करू.

काष्ठातील गुप्त देव

अरणी म्हणजे यज्ञाग्नी उत्पन्न करण्याचे लाकूड. खालच्या आडव्या फळीस अधरारणी म्हणतात. शास्त्रग्रंथांत तिची लांबी २४ अंगुळे, रुंदी ६ अंगुळे व जाडी ४ अंगुळे सांगितली आहे. वरच्या लाकडास उत्तरारणी म्हणतात. तिचाच एक तुकडा काढून तो उभ्या दांड्याच्या टोकाशी बसवितात. त्यास प्रमंथ हे नाव आहे. दांडा वरून दाबून धरण्यासाठी जे आडवे लाकूड असते ती ओविली, आणि दांड्याभोवती गुंडाळलेली दोरी म्हणजे नेत्र. एकाने ओविली घट्ट दाबून धरावयाची आणि दुसऱ्याने दोरीची दोन्ही टोके आळीपाळीने ओढावयाची, की प्रमंथ अधरारणीच्या खळग्यात गरगरू लागतो. ज्यांनी जुन्या घरांत खांबाशी डेरा ठेवून, रवीला दोरी लावून ताक घुसळताना पाहिले असेल, त्यांना हे दृश्य परके वाटणार नाही. घुसळणे तेच आहे. तेथे ताकातून लोणी वर येते, येथे काष्ठातून अग्नी.

अरणीसाठी अश्वत्थाचे, म्हणजे पिंपळाचे लाकूड घ्यावे आणि तो पिंपळ शमीच्या झाडावर उगवलेला असावा, असा संकेत आहे. त्याला ‘शमीगर्भ अश्वत्थ’ म्हणतात. यामागील कथा शतपथ ब्राह्मणात आली आहे. उर्वशीच्या वियोगाने व्याकूळ झालेल्या पुरूरवा राजास गंधर्वांनी एका स्थालीत, म्हणजे पात्रात, अग्नी दिला. राजा ते पात्र अरण्यात ठेवून घरी गेला आणि परत येऊन पाहतो तो अग्नी दिसेना! अग्नीच्या जागी अश्वत्थ उभा होता आणि पात्राच्या जागी शमी. पुढे गंधर्वांच्याच सांगण्यावरून त्याने अश्वत्थाच्या अरणी केल्या, त्यांचे मंथन केले आणि हरवलेला अग्नी पुन्हा मिळविला. कथेचा आशय असा, की देवाचे दान गेलेले नसते. ते झाडाच्या रूपाने समोरच उभे असते, पण आता ते हात पसरून मिळत नाही. त्यासाठी हात चालवावे लागतात.

ही केवळ पुराणकाळची गोष्ट नव्हे. सोमयागात अग्निमंथनाचा विधी येतोच, आणि १९५५ साली पुण्यात वाजपेय हा सोमयाग झाला होता. पुण्याच्याच वैदिक संशोधन मंडळाने १९५८ पासून ‘श्रौतकोश’ या ग्रंथाचे खंड प्रसिद्ध करून यज्ञविधींचे हे ज्ञान अभ्यासकांसाठी जतन केले. आजही महाराष्ट्रात मोठ्या यागाच्या प्रारंभी अरणिमंथन पाहावयास मिळते.

धूर म्हणजे अग्नी नव्हे

हा विधी प्रथमच पाहणाऱ्याच्या मनात एक प्रश्न येतो. इतका वेळ का लागतो? त्याचे उत्तर लाकडातच आहे. घर्षणाने प्रथम लाकूड तापते. मग त्याची बारीक भुकटी सुटू लागते. ती आधी तांबूस असते, पुढे काळवंडते आणि खळग्याच्या कडेला साचते. पाठोपाठ धूर निघतो. धूर दिसताच भोवतालची मंडळी हर्षभरित होतात आणि मंथन करणाऱ्याचे हातही नेमके तेथेच सैल पडू पाहतात. जाणते ऋत्विज मात्र त्याच क्षणी दोरीचा वेग वाढवितात. कारण धूर ही अग्नीची वर्दी आहे, अग्नी नव्हे. त्या काळ्या भुकटीची उष्णता साधारण ४०० अंश सेल्सियसच्या घरात पोहोचते, तेव्हाच तिच्या पोटात ठिणगी धरते. मध्येच हात थांबला तर साचलेली ऊब क्षणात निघून जाते आणि पुन्हा आरंभापासून घुसळावे लागते.

मंथन थांबविल्यावरही भुकटीच्या ढिगातून आपोआप धूर येत राहिला, तर समजावे की अग्नी जन्मास आला. पण तो अगदी तान्हा असतो. त्याला हलक्या हाताने कापसाच्या किंवा नारळाच्या वाळल्या शेंडीच्या घरट्यात घ्यावे लागते आणि हळुवार फुंकर घालावी लागते. जोराची फुंकर मारली तर भुकटी उधळते आणि ठिणगी विझते. फुंकर घातलीच नाही तर ती गुदमरून जाते. ज्या हातांनी एवढ्या बळाने दोरी ओढली, त्याच हातांनी आता आईसारखे मऊ व्हावयाचे असते!

साधनेचा क्रम याहून वेगळा आहे काय? नामस्मरण चार दिवस केले, मनाला थोडी शांती लाभली, डोळ्यांत पाणी आले की आपणांस वाटते, झाले! तो धूर होय. तेथे थांबणारे पुष्कळ असतात. पुढे नेमाने चालत राहतो त्याच्याच अंतरी ठिणगी धरते. आणि ठिणगी धरल्यावर ती मिरवावयाची नसते, जपावयाची असते. लाकूड ओले असेल तर कितीही घुसळा, धूरही धड निघत नाही. म्हणून अरणी वस्त्रात गुंडाळून कोरड्या जागी ठेवितात. मत्सर, अहंकार व आळस यांची ओल मनात मुरलेली असेल तर तीर्थयात्राही निष्फळ होते. श्वेताश्वतर उपनिषदाने हाच दृष्टांत योजिला आहे. आपला देह ही खालची अरणी, प्रणव ही वरची अरणी आणि ध्यान हे मंथन. काष्ठात लपलेल्या अग्नीप्रमाणे देव अंतरी लपलेला आहे, तो या मंथनाने पाहावा, असा त्या ऋषींचा उपदेश आहे.

युधिष्ठिराचा पहिला वर

यक्षप्रश्नांची कथा आपणां सर्वांस ठाऊक आहे. परंतु तिचा आरंभ अरणीपासून होतो, हे बहुधा विस्मरणात जाते. पांडवांचा वनवास संपत आला होता. द्वैतवनात एका ब्राह्मणाने आपल्या अरणी व मंथनकाष्ठ झाडाला टांगून ठेविले होते. एक हरिण त्या झाडाला अंग घासू लागले, अरणी त्याच्या शिंगांत अडकल्या आणि ते घेऊन पळाले. माझे अग्निहोत्र खंडित होईल, असे म्हणत ब्राह्मण युधिष्ठिराकडे धावला. पाचही भाऊ हरिणामागे निघाले. ते हाती लागले नाहीच. पुढे तहानेने कासावीस होऊन चौघे भाऊ सरोवराच्या काठी निश्चेष्ट पडले आणि युधिष्ठिराने यक्षाच्या प्रश्नांची उत्तरे देऊन त्यांना परत मिळविले.

यक्षरूपी धर्माने प्रसन्न होऊन वर मागण्यास सांगितले, तेव्हा या राजाने प्रथम काय मागितले? राज्य नव्हे, शत्रूचा नाश नव्हे. त्याने मागितले, “त्या ब्राह्मणाच्या अरणी त्याला परत मिळाव्यात.” नुकतेच भाऊ मृत्यूच्या दारातून परत आले आहेत, अज्ञातवासाचे संकट पुढे उभे आहे, आणि अशा वेळी दुसऱ्याच्या घरचा अग्नी विझू नये ही त्याची पहिली चिंता! स्वतःच्या अज्ञातवासाची गोष्ट त्याने त्यानंतर काढली. पुढे विराटनगरीत शिरताना पांडवांनी शस्त्रे ठेविली ती शमीच्याच झाडावर. तीच ही शमी, जिला आपण सौंदड म्हणतो व दसऱ्याला पूजितो.

या भूमीचे अग्नीशी नाते

दुसऱ्याच्या चुलीची चिंता वाहण्याचा हा संस्कार आपल्या गावांतही होता. ताम्हिणी-मुळशीचा पाऊस महाराष्ट्रातील सर्वाधिक पावसांत गणला जातो. अशा पावसात विझलेली चूल पुन्हा पेटविणे हे सोपे काम नव्हते. म्हणून रात्री निखारे राखेखाली झाकून ठेवीत, आणि तरीही विझलेच तर शेजारी विस्तव मागावयास जात. शेजारीण गोवरीच्या तुकड्यावर निखारा ठेवून देई. दोन घरांचे हाडवैर सांगताना आपण अजूनही म्हणतो की त्यांच्यातून विस्तवही जात नाही. विस्तव न देणे ही वैराची परिसीमा मानली गेली, यावरूनच विस्तव देणे हा केवढा शेजारधर्म होता, हे ध्यानी यावे.

वेदांनी अग्नीला काष्ठातून जन्मलेला म्हटले, तसेच जळातून जन्मलेला, ‘अपां नपात्’ असेही म्हटले. मुळशीकरांना याचा अर्थ निराळा सांगावयास नको. मुळशी धरणाचे पाणी सह्याद्री उतरून कोकणात भिरा येथे जाते आणि त्या वीजकेंद्रातून १९२७ पासून प्रकाश निर्माण होतो. त्या प्रकाशासाठी मावळातील शेतकऱ्यांची भातखाचरे, घरे आणि देवळे पाण्याखाली गेली. त्याविरुद्ध १९२१ च्या रामनवमीला येथे सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ ही पदवी लोकांनी दिली ती याच लढ्यात. सत्याग्रह १९२४ पर्यंत चालला, पण धरण झालेच. आपण कळ दाबतो तेव्हा उजळणाऱ्या दिव्यामागे कोणाची तरी अरणी झिजलेली असते. सहज मिळालेल्या अग्नीचे ऋण सहज विसरले जाते, म्हणून हे स्मरण.

याच अग्नीचे दुसरे रूपही येथील रहिवाशांना परिचित आहे. माघ-फाल्गुनापासून वैशाखापर्यंत या डोंगरांवरचे गवत वाळून कोळ होते. कोणी निष्काळजीपणे टाकलेली विडी, कोणी विझविल्याविना सोडलेली चूल, तर कोणी पुढील वर्षी गवत जोमाने येईल या समजुतीने लावलेली काडी, यांतून वणवा पेटतो. पक्ष्यांची अंडी, पिले, कोवळी रोपे भस्मसात होतात. गावांनी पिढ्यान्‌पिढ्या देवाच्या नावाने राखलेल्या देवरायांनाही त्याची झळ पोहोचते. वेदीच्या मर्यादेत असतो तो यज्ञ आणि मर्यादा सुटली की तोच वणवा. म्हणून भाविकांना विनंती आहे, की रानात चूल मांडू नये, जळता कापूर वा उदबत्ती झाडाच्या बुंध्याशी ठेवू नये, देवराईतील फांदीही तोडू नये. ज्या वृक्षातून अरणी मिळते तो वृक्षच जळाला तर अग्नी कोठून आणावयाचा?

यात्रेकरूची अरणी

आता शेवटची आणि आपणां यात्रेकरूंच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट. अग्निहोत्र्याला प्रवासास निघावयाचे झाले तर तो काय करीत असे? पेटता अग्नी वाटेने वाहून नेणे नेहमी शक्य नसे. यासाठी शास्त्राने ‘समारोपण’ सांगितले आहे. अग्नीवर अरणी तापवावयाच्या आणि मंत्रपूर्वक अग्नीला त्यांत प्रवेश करण्याची प्रार्थना करावयाची. मग ती थंड दिसणारी लाकडे सोबत घेऊन निघावयाचे. मुक्कामी पोहोचल्यावर त्यांचेच मंथन करून तोच अग्नी पुन्हा प्रकट करावयाचा. जगाला दिसते ते काष्ठ, पण नेणारा जाणतो की आपण अग्नी नेत आहोत.

आपली यात्राही अशीच व्हावी. देवळातून आपण प्रसाद नेतो, अंगारा नेतो, छायाचित्रे नेतो. यांतील काहीही त्याज्य नाही. परंतु गाभाऱ्यासमोर क्षणभर जे मन तापले होते, ते घेऊन जाणे हेच खरे समारोपण होय. घरी पोहोचताच ते मन पुन्हा थंड लाकडासारखे वाटेल. तेव्हा खेद मानू नये. अग्नी गेलेला नसतो, तो मंथनाची वाट पाहत असतो. रोजची थोडी उपासना, घरातील वृद्धांची सेवा, अबोला धरलेल्या भावाकडे आपण होऊन टाकलेले एक पाऊल, ही त्या दोरीची ओढ आहे.

दानशूर भाविकांनाही नम्रपणे सांगावेसे वाटते, की आपल्या देणगीतून समिधा येतात, तूप येते, अन्नछत्राची चूल पेटते आणि अनेकांची क्षुधा शांत होते. ही थोर सेवा आहे. परंतु मंथन मात्र दुसऱ्याकरवी करवून घेता येत नाही. विधीत ओविली कोणी धरील, दोरी कोणी ओढील, पण अंतरीच्या अरणीला आपलाच हात लागावा लागतो. द्रव्य देणाऱ्या हाताने घटकाभर तो श्रमही करावा. मग दान आणि साधना यांचे घर्षण होऊन जो प्रकाश पडेल, तो कोणत्याही पावतीवर लिहिता येणार नाही इतका मोलाचा असेल.

आपणां सर्वांच्या अरणी कोरड्या राहोत, हात न थकोत आणि शेजाऱ्याच्या चुलीतला विस्तव कधी न विझो, हीच श्रीचरणी प्रार्थना.

॥ शुभं भवतु ॥