मुद्रा पुसली जात नाही



इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागात २०१५ साली ‘ब्रफ सुपीरियर’ या नामांकित बनावटीच्या आठ मोटारसायकली अडगळीत सापडल्या. पन्नासहून अधिक वर्षे त्या तशाच पडून होत्या. काहींचे भाग सुटे झालेले. तरीही २०१६ च्या लिलावात त्यांतील १९३२ सालची एक गाडी, आहे त्या अवस्थेत, ३ लाख ३१ हजार पौंडांवर गेली.

अशी गाडी हाती आली की जाणकार मेकॅनिक प्रथम चासीवर आणि इंजिनावर ठोकलेला नंबर शोधतो. गंज खरवडल्यावर तो दिसतो आणि गाडी कोणती, हे कळते. बाप्तिस्म्याने आपल्या आत्म्यावर उमटलेली मुद्रा अशीच आहे. पापाने ती झाकली जाते, पुसली जात नाही. म्हणूनच परतून येणाऱ्याला ख्रिस्तसभा पुन्हा बाप्तिस्मा देत नाही; प्रायश्चित्त संस्कार देते.

पिस्टन जाम झाला असेल तर हातोडा कामाचा नाही. तेल सोडून दिवसच्या दिवस थांबावे लागते. आपल्याही घरात कोणी रागाने, दारूने किंवा जमिनीच्या भांडणाने चर्चपासून तुटला असेल. मयताच्या मिस्सालाही तो बाहेर आवारातच उभा राहतो. त्याला चारचौघांत बोल लावणे म्हणजे हातोडा मारणेच होय.

या आठवड्यात त्याच्या घरी जा. उपदेश नको. सोबत बसून जेवा आणि त्याच्यासाठी रोज रोझरी म्हणा. प्रभूने त्याला भंगारात काढलेले नाही. आपणही काढू नये.

आपला धर्मगुरू