आत्याच्या हनुवटीवरचा डाग

भिलाईतल्या मराठी घरात लग्नाचं बघायला लागलं की चौकशी थेट नागपूर-अमरावतीपर्यंत पोचते. पत्रिका जुळते, मुलगा बीएसपीत, म्हणजे भिलाई पोलाद कारखान्यात असतो, सेक्टरमध्ये क्वार्टर असतं. मग मुलाकडची एखादी मावशी आवाज खाली आणून विचारते, "त्यांच्याकडे कुणाला कोड नाही ना?" मुलीच्या आत्याच्या हनुवटीवरचा रुपयाएवढा डाग असा भाचीच्या स्थळाच्या आड येतो.

मावशीचा प्रश्न अगदीच बिनबुडाचा नाही. कोडात शरीराच्या संरक्षक पेशी त्वचेला रंग देणाऱ्या आपल्याच पेशींवर उलटतात, आणि त्यात अनुवंशाचा वाटा असतो. उत्तर भारत आणि गुजरातमधल्या रुग्णांच्या अभ्यासात एचएलए या रोगप्रतिकाराशी संबंधित जनुकांचे काही प्रकार निरोगी माणसांपेक्षा जास्त प्रमाणात आढळले. जगभरच्या संशोधनातून अशी पन्नासच्या आसपास जनुकीय ठिकाणं पुढे आली आहेत. पण एकसारख्या जुळ्या भावंडांकडे बघा. दोघांची जनुकं तंतोतंत सारखी असली, तरी एकाला कोड असताना दुसऱ्यालाही ते असण्याचं प्रमाण शंभरात २३च भरलं. सख्ख्या नात्यात ते शंभरात सहा-सातवर येतं. आत्या-भाची तर त्याहून लांबच्या. एवढ्यावर कुणी स्थळ मोडत असेल, तर त्याने मधुमेह आणि रक्तदाबाचीही चौकशी करावी. मग आपल्यापैकी किती जण बोहल्यावर चढले असते?

त्यातही एक गंमत आहे. रंगद्रव्य तयार करणाऱ्या टीवायआर या जनुकाचं जे रूप कोडाचा धोका वाढवतं, तेच मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगाचा धोका कमी करतं. वारशात काय खोट आणि काय लाभ, हे आजी-आजोबांच्या यादीवरून ठरवता येत नाही.

शिवाय रक्तात कल असला तरी ठिणगी बरेचदा बाहेरून पडते. भाजणं, खरचटणं, सतत घासलं जाणं एवढंही पुरतं. कपाळाला चिकटवायच्या टिकलीच्या गोंदात पॅरा-टर्शरी ब्यूटाइल फिनॉल नावाचं रसायन असू शकतं. त्याने काहींच्या कपाळावर नेमका टिकलीच्या मापाचा पांढरा ठिपका उमटतो. रबरी चपलेच्या पट्ट्याखालीही असंच होतं. अशा वेळी टिकली बदलायची नाही, ती बंदच करायची. त्याऐवजी घरोघरी दोष दिला जातो तो दुधावर खाल्लेल्या माशांना!

पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांनी 'श्वेता असोसिएशन' उभी केली. स्वतः कोड असलेल्या या डॉक्टरांनी रुग्णांना एकमेकांशी बोलतं केलं. याच विषयावर सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी 'नितळ' हा चित्रपट केला. छत्तीसगडातल्या मराठी मंडळांनी तो एकदा सभागृहात लावावा, असं मला फार वाटतं. लग्नाच्या बैठकीत जे कुणी मोठ्याने बोलत नाही, ते निदान पडद्यावर तरी ऐकू येईल.

आता रक्ताची खरी चौकशी. डाग पसरत असताना रक्तात सीएक्ससीएल१० सारखे काही घटक वाढतात. पण ती मोजणी अजून संशोधनापुरतीच आहे, त्यासाठी पैसे घालवू नयेत. थायरॉईडचं तसं नाही. कोड असलेल्यांमध्ये थायरॉईडचे स्वप्रतिकारक विकार इतरांपेक्षा जास्त दिसतात, म्हणून त्वचेचे डॉक्टर टीएसएच आणि अँटी-टीपीओ या रक्तचाचण्या करून घ्यायला सांगतात. सकाळी रक्त दिलं की टीएसएचचा रिपोर्ट बहुधा एक-दोन दिवसांत हातात येतो. थकवा, वाढतं वजन, गळणारे केस या सगळ्या तक्रारी आत्या वर्षानुवर्षं वयावर ढकलत आलेली असते. त्यांचं कारण त्या कागदावर निघू शकतं, आणि त्यावर रोजची एक छोटी गोळी असते.