वाटा आणि वचन

मनुष्याच्या मनात दोन भीती जोडीने वास करीत असतात. एकटे राहिलो तर आपला निभाव लागणार नाही ही पहिली. आणि चौघांत मिसळलो तर आपले आपलेपण उरणार नाही ही दुसरी. पहिलीच्या धाकाने तो मंडळ्या काढतो, दुसरीच्या धाकाने त्या सोडून जातो. हा जुनाच झगडा परवा एका अगदी नव्या वेषात आमच्या घरी आला.

माझी एक भाची सदाशिव पेठेत राहते. मोडी लिपीचे लहान लहान पाठ तयार करून ती ते यूट्यूबवर प्रसिद्ध करीत असते. माळ्यावरच्या पेटीत आजोबांची खतपत्रे सापडलेली, पण ती वाचता न येणारी पुष्कळ मंडळी तिचे पाठ नेमाने पाहतात आणि अडलेले अक्षर तिला विचारतात. अशा अनेक चॅनेलांना आपल्या छत्राखाली घेणाऱ्या एका नेटवर्कने तिला आमंत्रण दिले. करारपत्र माझ्यापुढे ठेवून ती म्हणाली, "मामा, सही करू का?"

ज्या वाचकांस हा व्यवहार अपरिचित असेल त्यांच्यासाठी थोडा खुलासा करतो. साधारण लांबीच्या चित्रफितीवर ज्या जाहिराती दाखविल्या जातात, त्यांच्या उत्पन्नातील 55 टक्के यूट्यूब निर्मात्यास देते. नेटवर्क या दोघांच्या मध्ये उभे राहते. जाहिरातदार मिळवून देणे, चोरून वापरलेल्या फितींवर हक्क सांगणे, संकलनास माणसे पुरविणे ही कामे ते पत्करते. मोबदला म्हणून निर्मात्याच्या वाट्यातून ठरलेला हिस्सा ते घेते, आणि पुष्कळदा पैसाही प्रथम त्याच्याच हाती येतो. हा हिस्सा 20 टक्के ठरला असे धरले, तर शंभर रुपयांच्या उत्पन्नातून निर्मात्यास 55 ऐवजी 44 रुपये मिळतील. उरलेल्या 11 रुपयांच्या बदल्यात आपल्या रात्री मोकळ्या होत असतील, तर हा सौदा महाग आहे असे मी म्हणणार नाही.

"पण माझे स्वातंत्र्य जाईल ना?" असे तिने विचारले. या शब्दाचा मोह मोठा असतो. वस्तुतः ती आजही पूर्ण स्वतंत्र नाही. परक्याच्या वाड्यातील भाडेकरू आहे. 2018 साली यूट्यूबने उत्पन्नाच्या अटी बदलल्या आणि एक हजार वर्गणीदार व वर्षभरात चार हजार तासांचे प्रेक्षण ही मर्यादा घातली. त्या वेळी असंख्य लहान निर्मात्यांचे उत्पन्न थांबले, आणि त्यांचा सल्ला कोणी घेतला नव्हता. तेव्हा "स्वतंत्र राहू की बांधून घेऊ" अशी प्रश्नाची मांडणी करणे खरे नव्हे. कोणत्या गोष्टी दुसऱ्याच्या हाती देता येतात आणि कोणत्या येत नाहीत, हे आधी ठरविले पाहिजे.

येथे मला दादासाहेब फाळके आठवतात. 1913 साली 'राजा हरिश्चंद्र' त्यांनी घरातील माणसांच्या बळावर उभा केला. पुढे भांडवल अपुरे पडू लागले, तेव्हा 1918 साली भागीदार घेऊन हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली. दोष कोणा एकाचा होता असे नाही. पैसा घालणाऱ्यास हिशेब हवा होता, कलावंतास मोकळीक हवी होती, आणि दोन्ही मागण्या वाजवीच होत्या. पण मतभेद विकोपास गेल्यावर कंपनी जागेवर राहिली आणि फाळके काशीस गेले. काही काळाने ते परतले, ते पगारी माणूस म्हणून.

यावरून कोणी "भागीदारीच वाईट" असा निष्कर्ष काढील, तर पुण्यातच त्याला उत्तर आहे. 1929 साली कोल्हापुरात पाच भागीदारांनी प्रभात फिल्म कंपनी काढली आणि 1933 साली ती पुण्यात आणली. शांतारामबापूंचे दिग्दर्शन, दामल्यांचे ध्वनितंत्र, फत्तेलालांची कलायोजना ही एकत्र आली नसती, तर एकेकट्याकडून तितके मोठे काम झाले असते असे वाटत नाही. 1942 साली शांताराम तेथून बाहेर पडले. जुने चित्रपट प्रभातचेच राहिले. परंतु त्यांचे कसब त्यांच्याबरोबर गेले आणि त्याच साली राजकमल उभे राहिले.

माझ्या भाचीची गोष्ट मात्र निराळी आहे. तिचे कसबही तिच्याबरोबर जाईल. पण अडलेले अक्षर विचारावयास जी माणसे विश्वासाने येतात, ती त्या एका चॅनेलच्या दाराशी येतात. ते दार बंद झाले, तर ती कोठे गेली हे त्यांस कळणारही नाही. हे केवळ कल्पनेचे भय नव्हे. अमेरिकेतील डेफी मीडिया हे नेटवर्क 2018 च्या नोव्हेंबरात बंद पडले, तेव्हा कित्येक निर्मात्यांच्या चॅनेलांवर जमलेले पैसे त्यांच्या हाती आले नाहीत. 2019 च्या जानेवारीत मशिनिमाच्या मुख्य चॅनेलवरील वर्षानुवर्षांच्या फिती एकाएकी लोकांच्या दृष्टीआड झाल्या, आणि त्यांत अनेकांचे श्रम होते.

श्रम वाटून घेता येतात, उत्पन्नही वाटून घेता येते. पण दिलेले वचन वाटून घेता येत नाही. भारतातील जाहिरात मानक परिषदेने 2021 साली नियम केला की, पैसे घेऊन एखाद्या वस्तूची शिफारस करणाऱ्याने ती जाहिरात आहे हे स्पष्ट सांगावे. नियम नसता तरी नीतीने हेच सांगितले असते. उद्या नेटवर्कने जुगाराच्या खेळाची जाहिरात आणली आणि ती मोडीच्या पाठात आली, तर शिकावयास बसलेला मुलगा नेटवर्कला ओळखत नाही; तो तिच्या चेहऱ्याला ओळखतो. "मला सांगण्यात आले होते" हे उत्तर त्याच्यापुढे चालणार नाही. ज्याने जाब द्यावयाचा, नाही म्हणण्याचा आणि निघून जाण्याचा अधिकारही त्याच्याजवळच असला पाहिजे. जबाबदारी एकीकडे आणि अधिकार दुसरीकडे अशी जेथे वाटणी होते, तेथे हिस्सा एक टक्का असला तरी तो करार अन्यायाचा होय.

अर्थात सावधपणाच्या नावाखाली अहंकारही लपून बसतो. आपल्यावाचून दुसऱ्या कोणाला हे जमणार नाही, या समजुतीने एकटेपणा कवटाळणारे विद्वान या शहराने कमी पाहिलेले नाहीत. त्यांच्या पश्चात त्यांची दप्तरे रद्दीत गेली. मदत नाकारणे हा काही सद्गुण नव्हे.

म्हणून मी तिला "कर" किंवा "करू नकोस" असे म्हटले नाही. हिश्श्याचे कलम तसेच ठेवून तिला दुसरी दोन कलमे वाचावयास सांगितली. कोणतीही जाहिरात तिच्या लेखी संमतीवाचून घेण्याचा हक्क नेटवर्कने राखून ठेवला होता. मुदत संपली तरी तीन महिने आधी नोटीस न दिल्यास करार आपोआप पुढे चालू राहणार होता, आणि चॅनेल परत केव्हा सोडावयाचे याविषयी एक अक्षर नव्हते. दोन्ही ठिकाणी बदल सुचवून तिने कागद परत पाठविला.

"आणि ते नाही म्हणाले तर?" तिने विचारले. तर पूर्वीप्रमाणेच रात्री जागून तिला स्वतः संकलन करावे लागेल; चोरलेल्या फितींचा माग स्वतः काढावा लागेल; पुढचे पाठही कदाचित उशिरा निघतील. ही किंमत लहान आहे असे मी तिला भासविले नाही. पण ती तिची तिला ठाऊक असलेली किंमत आहे. त्या करारातील किंमत किती, हे मात्र निघावयाच्या दिवशीच कळले असते.