सरहद : शब्द आणि माणूस

राज्य वाढते तेव्हा आधी सैन्य जाते की शब्द? इतिहासाची पाठ्यपुस्तके सैन्याचा हिशेब देतात. लढाई, सन, जिंकणारा, हरणारा. पण जिंकलेल्या मुलखाला राजधानीने कोणते नाव दिले, याचा हिशेब कुणी मागत नाही. माझ्या मते तो मागायला हवा. लढाई चार दिवसांत संपते. नाव मात्र शतकानुशतके त्या मातीवर बसून राहते आणि तिथल्या माणसाशी कसे वागायचे हे ठरवत राहते.

उदाहरण आपल्याच इतिहासातले घेऊ. ७५० साली अब्बासी खिलाफत सुरू झाली. तिची वायव्य सीमा रूमला, म्हणजे बायझंटाईन साम्राज्याला भिडलेली होती. मध्ये टॉरस पर्वताच्या रांगा. तरसूस, अदना, मरअश, मलत्या ही त्या पट्ट्यातली शहरे. आज ती तुर्कस्तानात आहेत. अरबांनी या पट्ट्याला ‘सुगूर’ म्हटले. त्याचे एकवचन ‘सग्र’. सग्र म्हणजे समोरचे दात, आणि सग्र म्हणजे फट, खिंडार. जिथून शत्रू आत घुसू शकतो ती जागा. ७८६ मध्ये हारून रशीद खलिफा झाला. त्याने या ठाण्यांच्या पिछाडीचा उत्तर सीरियाचा पट्टा वेगळा काढला आणि त्याला ‘अवासिम’, म्हणजे रक्षण करणारी ठिकाणे, असे नाव दिले.

दोन्ही शब्द लष्करी दृष्टीने अचूक आहेत. पण ते बोलणारा उभा कुठे आहे? तो राजधानीत, दिवाणाच्या दफ्तरात उभा आहे. तरसूसमध्ये भाकरी भाजणाऱ्याला आपले गाव खिंडार वाटत नव्हते. त्याच्या लेखी ते जगाच्या मधोमध होते. त्याची मशीद, त्याचा बाजार, त्याच्या आईची कबर तिथेच होती. पलीकडेही तेच. रूमी सरकार आपल्या डोंगराळ सीमाभागाला ‘क्लेइसूरा’, म्हणजे अडवलेली खिंड म्हणे आणि तिथल्या पहारेकऱ्यांना ‘अक्रिताई’, म्हणजे काठावरची माणसे. धर्म दोन, भाषा दोन, पण राजधानीची नजर एकच. तिला काठावर माणूस दिसत नाही, काठ दिसतो.

काठावरच्या लोकांनी मात्र स्वतःला वेगळे ओळखले. ‘दिगेनिस अक्रितास’ हे तिथले मध्ययुगीन ग्रीक वीरकाव्य. दिगेनिस म्हणजे दोन कुळांतून जन्मलेला. या वीराचा बाप अरब अमीर आणि आई रूमी. दोन्ही दरबारांच्या कागदांवर जी रेघ होती, तिच्यावर राहणाऱ्यांनी आपला नायक दोन्ही रक्तांचा केला, हे विसरू नये.

आता एक कडू प्रसंग. तरसूसच्या पश्चिमेला लामिस नावाची नदी आहे. तिच्या काठी दोन्ही राज्यांच्या कैद्यांची अदलाबदल होत असे. ८४५ मध्ये खलिफा वासिकच्या काळात अशीच अदलाबदल झाली. इतिहासकार तबरी सांगतो की सुटून येणाऱ्या प्रत्येक मुस्लिम कैद्याला खलिफाच्या माणसांनी एक प्रश्न विचारला : कुरआन निर्माण केलेले आहे, हे मानतोस का? तेव्हा हे दरबाराचे अधिकृत मत होते. ‘हो’ म्हणणाऱ्याची सुटका झाली. नाही म्हणणाऱ्याला रूमींच्याच ताब्यात ठेवले गेले. ज्याच्या रक्षणासाठी सरहद बांधली असे सांगितले जात होते, तोच कलमा पढणारा माणूस त्या सरहदीवरून परत पाठवला गेला! सरहद एकदा माणसापेक्षा मोठी झाली की ती आपल्या आणि परक्यात फरक करत नाही.

मग ‘दारुल इस्लाम’ आणि ‘दारुल हर्ब’ या शब्दांचे काय? हे शब्द कुरआनात नाहीत. साम्राज्य पसरत असताना फकीहांनी, म्हणजे कायदेपंडितांनी, ते रूढ केले. प्रश्न व्यवहाराचे होते. करार कुणाशी, व्यापार कसा, परक्याला अभय कोण देणार? नावांशिवाय कारभार चालत नाही, हे मान्यच आहे. पण याच परंपरेत एक वेगळा आवाजही आहे. दारुल इस्लाम असलेला मुलूख दारुल हर्ब कधी होतो, यावर इमाम अबू हनीफांनी तीन अटी घातल्या. त्यांतली एक अशी की आधीच्या अभयावर तिथे राहणारा मुसलमान किंवा जिम्मी, म्हणजे राज्याच्या संरक्षणातला बिगरमुस्लिम, सुरक्षित उरलेला नसावा. बाराव्या शतकातले हनफी पंडित कासानी हे मत उलगडताना सांगतात की खरा मुद्दा अमान आणि खौफ यांचा, म्हणजे निर्भयता आणि भीती यांचा आहे.

ही कसोटी मला फार मोलाची वाटते. जमिनीचे नाव गादीवरच्या माणसाकडे पाहून नव्हे, तर रात्री घरात झोपणाऱ्या माणसाकडे पाहून ठरवायचे, आणि त्यात शेजाऱ्यालाही धरायचे.

ही कसोटी बाजूला पडली की काय होते ते १९२० ने दाखवले. हिंदुस्थान दारुल हर्ब आहे, इथून हिजरत करा, अशी हाक उठली. सिंध आणि सरहद प्रांतातले हजारो गरीब लोक घरेदारे, जनावरे मिळेल त्या भावाने विकून अफगाणिस्तानकडे निघाले. इतक्यांना पोसणे त्या देशाला जमेना, त्याने दार बंद केले. कित्येक वाटेत मेले, उरलेले कफल्लक होऊन परतले. शब्द उच्चारणारे मात्र बहुतेक आपापल्या घरीच होते. आणि त्या प्रांताचे नाव तरी काय? ‘सरहद’! १९०१ मध्ये इंग्रजांनी वेगळा केलेला तो प्रांत २०१० पर्यंत याच नावाने ओळखला गेला. तिथे राहणाऱ्या पख्तूनांची ओळख नावात यायला शंभरांहून अधिक वर्षे लागली.

शब्द काही अमर नसतात. ‘रूम’ हे शत्रूच्या मुलखाचे नाव होते. १०७१ नंतर सल्जूक तुर्क त्या भूमीत वसले आणि स्वतःलाच रूमचे सुलतान म्हणवू लागले. बल्खहून तिथे गेलेले मौलाना जलालुद्दीन याच नावामुळे ‘रूमी’ झाले. ‘अवासिम’चे एकवचन ‘आसिमा’; आजच्या अरबीत त्याचा अर्थ राजधानी. काठाचा शब्द मध्यावर जाऊन बसला!

जे शब्द स्वतःच इतके फिरतात, त्यांच्यापायी माणसाला घरातून हलवण्याचा अधिकार कुणाला कसा मिळतो? वर्गात नकाशा टांगला की मुले विचारतात, “सर, ये किस का इलाक़ा था?” मी राजाचे नाव सांगतो, ते परीक्षेत लागते. पण त्याबरोबर आणखी एक प्रश्न शिकवणे मला शिक्षकाचे कर्तव्य वाटते : तिथे कोण राहत होते, आणि ते निर्भय होते का?