मीठ कुठेच जात नाही

सुरतेजवळच्या पलसाण्यात मुंबई–अहमदाबाद महामार्ग आणि हजिऱ्याहून धुळ्याकडे जाणारा रस्ता एकमेकांना छेदतात. या दुसऱ्या रस्त्याने आणि तापीकाठच्या रेल्वेने खानदेशातली माणसं पिढ्यानपिढ्या कामासाठी सुरतेकडे येत राहिली. आज पलसाणा, कडोदरा, जोळवा या पट्ट्यातल्या डाईंग-प्रिंटिंग मिलमध्ये अहिराणी आणि मराठी सहज कानावर पडते. अशा मिलमध्ये बॉयलरच्या बाजूला जाड्या मिठाच्या गोण्या रचून ठेवलेल्या असतात. कपड्याच्या कारखान्यात मीठ कशाला, हा प्रश्न साधा आहे. त्याचं उत्तर शोधत गेलं की स्वयंपाकघरापासून उसाच्या शेतापर्यंत जावं लागतं.

गोण्यांचं काम आधी सांगतो. जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असतं. असं पाणी बॉयलरमध्ये उकळलं की नळ्यांच्या आत खपली धरते. म्हणून ते आधी सॉफ्टनरमधल्या रेझिनच्या बारीक मण्यांमधून काढतात. मणी कॅल्शियम पकडून ठेवतात आणि त्याच्या जागी सोडियम सोडतात. मण्यांमधलं सोडियम संपलं की त्यांच्यावरून मिठाचं तीव्र पाणी सोडतात, आणि मणी पुन्हा कामाला तयार होतात. पकडलेलं कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि उरलेलं मीठ गटारात जातं. रोजचीच गोष्ट आहे, त्यामुळे तिकडे कुणी पाहत नाही.

मिठाचं रसायन शाळेत एका ओळीत उरकतं: सोडियम क्लोराइड. त्या ओळीत एक मोठी गोष्ट दडलेली आहे. सोडियम हा चाकूने कापता येईल इतका मऊ धातू आहे आणि पाण्यात पडला की पेट घेतो. क्लोरीन हा विषारी वायू. पहिल्या महायुद्धात तो माणसं मारायला वापरला गेला. सोडियमचा अणू एक इलेक्ट्रॉन देऊन टाकतो, क्लोरीनचा तो घेतो, आणि देवाणघेवाण झाली की दोघंही शांत होतात. हंफ्री डेव्हीने 1807 साली विजेच्या जोरावर सोडियम वेगळं काढून दाखवलं तेव्हा कळलं की सोडियमला त्याच्या संयुगातून सोडवायला केवढी ताकद लागते. मीठ वितळवायचं तर 801 अंश सेल्सियस तापमान लागतं. ते सडत नाही, आंबत नाही, चुलीवर जळत नाही. पाण्यात विरघळलं तरी नष्ट होत नाही. पाणी आटवलं की जसंच्या तसं परत मिळतं.

साखरेशी ताडून पाहिलं की मिठाचा आणखी एक गुण दिसतो. गरम पाण्यात साखर कितीतरी जास्त विरघळते. मीठ मात्र 100 मिलिलिटर थंड पाण्यात सुमारे 36 ग्रॅम विरघळतं आणि उकळत्या पाण्यात जेमतेम 39 ग्रॅम. म्हणून तीव्र पाणी थंड करून मीठ काढता येत नाही, ऊन आणि वाऱ्याने पाणीच उडवावं लागतं. कच्छपासून दक्षिण गुजरातपर्यंतची आणि आपल्याकडची उरण, वसई, शिरोड्याची मिठागरं याच एका गुणावर उभी राहिली. त्यातही क्रम असतो. समुद्राचं पाणी आटताना आधी जिप्सम बसतं, मग मीठ, आणि शेवटी मॅग्नेशियमचे कडू क्षार असलेलं पाणी उरतं. ते वेळेवर काढून टाकलं नाही तर मीठ कडवट होतं. पावसाळ्यात जाडं मीठ पाझरतं त्याचं कारणही हे मॅग्नेशियमच आहे. शुद्ध मीठ हवेतली आर्द्रता सुमारे 75 टक्क्यांवर गेल्याशिवाय पाणी ओढून घेत नाही, मॅग्नेशियम क्लोराइड 33 टक्क्यांनाच ओलं होऊ लागतं.

आयोडीनचंही इथेच सांगायला हवं. आपल्याकडे मिठात पोटॅशियम आयोडेट घालतात, कारण दमट हवेत ते आयोडाइडपेक्षा जास्त टिकतं. खाण्यासाठी आयोडीनविना मीठ विकायला देशभर 2006 पासून बंदी आहे. सैंधव जास्त नैसर्गिक म्हणून रोजच्या जेवणात फक्त तेच वापरणाऱ्या घरांनी हे लक्षात ठेवावं. सैंधवही मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे, त्याचा गुलाबी रंग लोखंडाच्या क्षारांचा आहे, आणि आयोडीन मुद्दाम घातल्याशिवाय त्यात पुरेसं नसतं.

शरीराचा हिशेब जास्त कडक आहे. सोडियम हे मूलद्रव्य आहे. प्रथिनं, चरबी, कित्येक जीवनसत्त्वं सजीव तयार करतात, पण सोडियम कुठलंही झाड, प्राणी किंवा माणूस तयार करू शकत नाही. ते बाहेरूनच यावं लागतं आणि मूत्रपिंडातून, घामातून बाहेरच जावं लागतं. मिलमध्ये कापड गरम हवेने वाळवणाऱ्या स्टेंटर यंत्राच्या तोंडाशी बारा-बारा तास उभा असणारा कामगार घामातून मीठ गमावतो, आणि नुसतं पाणी पीत राहिला तर त्याच्या पायांत गोळे येतात. बसून काम करणाऱ्याची अडचण उलटी आहे. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा म्हणते, आणि लोणचं, पापड, फरसाण खाणारा माणूस ती मर्यादा नकळत ओलांडतो. 1971 साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबिस यांनी मीठ आणि ग्लुकोजचं पाणी पाजून पटकीचे असंख्य रोगी वाचवले. मीठ आणि साखर आतड्यातून जोडीने आत शिरतात आणि मागोमाग पाणी ओढतात, एवढंच त्यामागचं शास्त्र. माझ्या मते विसाव्या शतकातल्या वैद्यकाने गरिबाला दिलेली ही सर्वांत मोठी देणगी आहे.

शरीराला मीठ बाहेरूनच घ्यावं लागतं, याच कारणाने ब्रिटिश सरकारला मिठावर कर लावणं परवडलं. माणूस कापड कमी वापरेल, साखर सोडेल, मीठ सोडू शकत नाही आणि त्याला दुसरा पर्यायही नाही. म्हणून सर्वांत गरीब माणसाकडूनही कर हमखास वसूल होतो. 1930 च्या एप्रिलमध्ये गांधीजींची दांडीयात्रा सुरत, दिंडोली, वांझ करत नवसारीकडे गेली. पलसाणा त्या वाटेपासून दूर नाही. त्या तुकडीत साबरमती आश्रमाचे गायक पंडित नारायण मोरेश्वर खरे होते, आणि महाराष्ट्रातले इतरही काही जण होते. पुढच्याच महिन्यात धारासण्याला मिठाच्या आगरावर चालून गेलेल्या सत्याग्रहींनी लाठ्या खाल्ल्या आणि तिकडे कोकणात शिरोड्याला मराठी माणसं मिठासाठी तुरुंगात गेली. रसायनाचा इतका साधा नियम राज्यकर्त्यांनी ओळखला होता, आणि गांधीजींनीही.

आता मिलकडे परत येऊ. सुरतेच्या पट्ट्यात मुख्यतः पॉलिएस्टर रंगतं, आणि त्याच्या रंगांना सुती कापडाच्या रंगांसारखं बादलीभर मीठ लागत नाही. त्यामुळे पलसाण्यात मिठाचा फारसा संबंध नाही, असं वाटू शकतं. पण साडी रेशमासारखी मऊ आणि झुळझुळीत व्हावी म्हणून पॉलिएस्टरचं ‘वेट रिडक्शन’ करतात: गरम कॉस्टिक सोड्यात कापडाचा वरचा थर विरघळवून टाकतात. कॉस्टिक सोडा कुठून येतो? मिठाच्या पाण्यातून वीज सोडून. मिठाची शांतता कारखान्यात अशी रोज विजेने मोडली जाते. समीकरणाने हिशेब केला तर 100 किलो पॉलिएस्टर विरघळवायला लागणाऱ्या कॉस्टिकमागे सुमारे 61 किलो मीठ असतं.

मग वेट रिडक्शनचं सांडपाणी आम्ल घालून शांत करतात. विरघळलेल्या पॉलिएस्टरचा आम्लभाग साक्याच्या रूपाने खाली बसतो, ग्लायकॉल जिवाणू खातात, रंग गाळात जातो. मीठ मात्र तसंच राहतं. हायड्रोक्लोरिक आम्लाने शांत केलं तर ते पुन्हा सोडियम क्लोराइड होतं, गंधकाम्लाने केलं तर सोडियम सल्फेट. विजेने वेगळं केलेलं सोडियम फेऱ्या मारून पुन्हा क्षार होऊन नाल्यापाशी उभं राहतं. चुना, तुरटी, जिवाणू यांपैकी कशालाही ते दाद देत नाही, कारण खाण्यासारखं किंवा खाली बसण्यासारखं त्यात काहीच नाही. ते काढायचं तर पाणी आरओमधून न्यावं लागतं आणि उरलेलं तीव्र पाणी आटवावं लागतं. दोन्हींना वीज आणि कोळसा लागतो, म्हणजे पैसा लागतो. शिवाय आटवून मिळालेल्या मिश्र क्षाराचं काय करायचं, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

हे नाले ज्या तालुक्यातून वाहतात, त्याच पलसाणा तालुक्यात ऊस आहे. चलथाणला सहकारी साखर कारखाना आहे, काकरापार आणि उकाईमुळे कालव्याचं पाणी आहे, आणि जमीन काळी आहे. काळ्या मातीत सोडियम वाढलं की चिकणमातीचे कण एकमेकांपासून सुटतात, छिद्रं बुजतात, पाणी वर साचतं आणि खाली मुळं कोरडी राहतात. मीठ लावलेली कैरी जशी पाणी सोडते, तसं खारट मातीत मुळाला पाणी उचलता येत नाही, उलट गमवावं लागतं. उपाय माहीत आहे: जिप्सम घालून कॅल्शियमने सोडियमची जागा घ्यायची आणि चर काढून ते धुऊन बाहेर न्यायचं. पण धुऊन नेलेलं पाणीही शेवटी कुठल्यातरी नाल्याला, नदीला मिळणारच. बारडोलीवरून खाली समुद्राकडे जाणाऱ्या मिंढोळा नदीलाही अशाच वाटांनी पाणी मिळतं.

म्हणून मला वाटतं, प्रदूषणाची चर्चा आपण चुकीच्या टोकाने करतो. नाला लाल-निळा वाहिला की बातमी होते, आणि रंग गेला की प्रश्न सुटला असं समजतो. रंग काढणं तुलनेने सोपं आहे. विरघळलेलं मीठ डोळ्यांना दिसत नाही, वास देत नाही आणि शेत बिघडवतं ते वर्षानुवर्षं. समुद्र मिठाचा आहे, त्यामुळे नीट शुद्ध केलेलं खारं पाणी बंद नळातून समुद्रापर्यंत नेणं शास्त्राला धरून आहे. तेच पाणी उघड्या नाल्यातून शेतांच्या कडेने सोडणं नाही. भारतात कापड उद्योगाच्या शुद्ध केलेल्या सांडपाण्यातल्या विरघळलेल्या क्षारांची मर्यादा साधारणपणे लिटरला 2100 मिलिग्रॅम आहे. पलसाण्यात काम करणाऱ्या आणि शेजारी शेती करणाऱ्या आपल्या माणसांनी गावातल्या नाल्याबद्दल विचारताना रंगाबरोबर हा आकडा मागावा. पाण्यातले एकूण क्षार मोजणारा छोटा मीटर बाजारात सहज मिळतो. तो ग्रामपंचायतीने घ्यावा, महिन्यातून एकदा नाल्याचं आणि विहिरीचं पाणी मोजावं, आणि आकडा फळ्यावर लिहावा.