खुराडे कोणी झाडायचे?

अंडे आधी की कोंबडी आधी, हा प्रश्न विचारवंतांनी पिढ्यान्‌पिढ्या चघळला आहे. ज्यांच्या परसात पाच-सात कोंबड्या आहेत, त्यांची झोप मात्र या प्रश्नाने कधी उडाली असेल असे आम्हांस वाटत नाही. त्यांच्यापुढे रोज सकाळी निराळाच प्रश्न उभा असतो : खुराडे कोणी झाडायचे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही म्हणून कोणाचे काही अडत नाही. दुसरा प्रश्न एक दिवस टाळला तर नाकाला कळते आणि चार दिवस टाळला तर शेजाऱ्याला कळते. वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या या दुसऱ्या प्रश्नाच्या पोटात नीतीचा एक गंभीर प्रश्न दडलेला आहे. एखाद्या गोष्टीचा लाभ आपण घ्यावा आणि तिची घाण दुसऱ्याने काढावी, हे न्याय्य आहे काय?

आमच्या वसईच्या पट्ट्यात वाडी म्हटली की विहीर, केळीची झाडे, पडवीला टेकून ठेवलेला खराटा आणि मागच्या दारी खुराडे, असे चित्र डोळ्यांपुढे येते. वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या, २००९ साली महानगरपालिका आली, तरी काही घरांच्या मागे गावठी कोंबड्या अजून टिकून आहेत. घरचे अंडे, सणाला घरचा कोंबडा, पोरांना पिलांची गंमत. हौसेला कारणे पुष्कळ आहेत. या हौसेचा हिशेब मांडताना आपण अंडी मोजतो. दुसरी बाजू सहसा मोजत नाही. एक मोठी कोंबडी दिवसाकाठी १०० ग्रॅमच्या आसपास ओली विष्ठा टाकते. सात कोंबड्या धरल्या तर वर्षाला सुमारे २५० किलो होतात. म्हणजे अडीच क्विंटल! त्यातली बरीचशी रात्री, खुराड्याचे दार बंद असताना पडते. हे अडीच क्विंटल कोणाच्या तरी हातांनी उचलले जाते. ते हात कोणाचे, एवढेच येथे विचारायचे आहे.

या कामाची रीत जाणत्यांना ठाऊक आहे. तळाला भाताचे तूस, लाकडाचा भुसा किंवा वाळका पाला पसरायचा. काठीखाली साचलेली शीट रोज खरवडून काढायची. ओला झालेला थर उचलून कोरडा घालायचा. काठीच्या सांध्यांत गोचिडी लपतात, म्हणून अधूनमधून सारे बाहेर काढून ऊन दाखवायचे आणि चुना फिरवायचा. शेवटी साबणाने हात धुवायचे. पक्ष्यांचे मूत्र वेगळे पडत नाही. शीटेवरचा पांढरा भाग तेच होय. कोरडे असेतो ते फारसा त्रास देत नाही. पाणी लागले की कुजून त्यातून अमोनिया सुटतो. पावसाळ्यात खुराड्यात डोकावताच डोळे चुरचुरतात ते त्यामुळे. आपण नाक दाबून मागे सरतो. कोंबडीला मात्र त्याच हवेत रात्र काढावी लागते.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यायला हवी. आपल्या कोंबड्यांची मूळ जात म्हणजे रानातली लाल रानकोंबडी. ती रात्री झाडावर बसते. तिची शीट खाली पानांत पडते, किडे-मुंग्या ती फस्त करतात, उरलेली मातीत मिसळते. रानात खुराडे झाडावे लागत नाही, कारण रानात खुराडेच नसते. मुंगसापासून, मांजरापासून आणि चोरापासून आपली मालमत्ता वाचावी म्हणून आपण कोंबडीला चार फळ्यांत कोंडले आणि त्या क्षणी तिच्या शीटेची घाण झाली. तेव्हा "काय घाणेरडी जात!" असे म्हणून कोंबडीला बोल लावणे बरोबर नव्हे. शीट कोंबडीची असली तरी घाण आपण केलेली आहे. आणि जी घाण आपण केली ती निस्तरण्याचे ऋण आपल्यावर आहे. कोंडलेल्या जिवाला कोरडी जागा देणे हा उपकार नसून ती त्याला कोंडण्याची किमान किंमत आहे.

हे ऋण घराघरांत कोण फेडते? प्रामाणिक उत्तर असे की, बहुधा घरची बाई. ती थकली की सून. सून नोकरीला गेली की मुलगी. आणि चार पैसे आले की रोजंदारीची मावशी. दाणे टाकायला सगळे पुढे, कारण दाणे टाकले की कोंबड्या धावत येतात आणि टाकणाऱ्याला आपण कोणी तरी आहोत असे वाटते. खराटा हाती घेतला की कोणी धावत येत नाही. कोंबड्या गावात ज्या पुरुषाच्या नावाने ओळखल्या जातात, त्याला खुराड्याचे दार आतून कसे दिसते हे पुष्कळदा माहीतही नसते.

यावर कोणी म्हणेल : यात वावगे ते काय? समाज श्रमविभागणीवर चालतो. शिक्षकाने शिकवावे, डॉक्टरने रोगी तपासावेत, मावशीने झाडावे आणि तिला तिचा मोबदला मिळावा. प्रत्येकाने आपापले झाडायचे ठरवले तर तिची चूल कशी पेटणार? हा आक्षेप हलका नाही. ज्या बाईच्या घरात त्या मजुरीने दोन वेळचे शिजते तिला नीतीचे धडे देऊन कामावरून काढणे, हे आमच्या मते पाप ठरेल. मोबदला देऊन काम करून घेणे मुळात चुकीचे नाही. प्रश्न मोबदल्याचा नसून मनातल्या उतरंडीचा आहे. आपण शिंप्याकडून कपडे शिवून घेतो ते आपल्याला शिवता येत नाहीत म्हणून. खुराडे झाडायला मात्र कोणते कौशल्य आपल्यापाशी नाही? ते आपल्याला येते. ते आपल्याला शोभत नाही, एवढेच. आणि जे आपल्याला शोभत नाही ते दुसऱ्या माणसाला शोभते असे आपण मानतो, तेव्हा त्याच्या माणूसपणाला आपण एक पायरी खाली ढकललेले असते. मग मजुरी वाढवली तरी ती पायरी भरून निघत नाही.

या देशात ती पायरी जन्माने ठरत आली, हे सांगायला नको. कोकणचे अप्पासाहेब पटवर्धन १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात असताना त्यांनी भंगीकाम मागितले. ते काम ठराविक जातीच्या कैद्यांनीच करायचे असा नियम पुढे करून ते त्यांना नाकारण्यात आले. त्यांनी अन्न कमी केले आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी येरवड्यात गांधीजींनी त्याच वर्षीच्या डिसेंबरात उपवास आरंभला. घाण काढण्याचा हक्क मिळावा म्हणून उपवास! पुढे कणकवलीजवळच्या गोपुरीत अप्पासाहेबांनी मैल्याचे खत करणाऱ्या संडासाचे प्रयोग केले. माणसाच्या हातून मैला उचलून घेण्यास बंदी करणारा आजचा कायदा २०१३ सालचा आहे. कायद्याने काम थांबवता येते, तुच्छता थांबवता येत नाही. स्नानसंस्काराच्या पाण्याने सर्व भेद धुऊन जातात असे आपण म्हणतो. मग खराटा कोणाच्या हाती द्यायचा हे ठरवताना आपल्या मनात आडनाव, पाडा आणि रंग का डोकावतात, याचे उत्तर ज्याने त्याने आपल्याशीच द्यावे.

सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठासाठी नियम घालून दिले, त्यांत स्वयंपाकघरातील सेवेची पाळी आहे. आजारपणासारखे सबळ कारण असल्याखेरीज ही पाळी कोणी चुकवायची नाही, आणि आठवडा संपताना ज्याने त्याने धुणे-पुसणे आटोपूनच ती पुढच्याच्या हाती द्यायची, अशी ती रीत. मठात विद्वान होते, तसे अडाणीही होते. पाळीच्या नियमाने विद्वानाचा वेळ वाया गेला असेल, पण एका माणसाचा जन्म घाण काढण्यात जाण्यापेक्षा प्रत्येकाचा एक आठवडा जावा, हा हिशेब अधिक माणुसकीचा आहे.

हॅना आरेंट या विदुषीने १९५८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात मानवी कष्टांचे प्रकार वेगळे केले. सुताराने केलेले टेबल मागे उरते. झाडलोट, स्वयंपाक यांसारखे कष्ट मात्र मागे काही ठेवत नाहीत आणि उद्या पुन्हा तसेच करावे लागतात. झाडणाऱ्याला मान का मिळत नाही, याचे एक कारण येथे सापडते. त्याच्या कामाचा पुरावाच नसतो. स्वच्छ खुराड्याकडे पाहून कोणी थांबत नाही. लोक थांबतात ते दुर्गंधीपाशी.

खुराड्याच्या बाबतीत मात्र निसर्गाने थोडी भरपाई केली आहे. ही विष्ठा नत्राने समृद्ध असते. ताजी घातली तर रोप करपते. वाळका पाला, भुसा यांच्या थरांत काही महिने मुरवली, मधून मधून परतली, तर तिचा वास जातो आणि काळे भुसभुशीत खत हाती येते. शुभवर्तमानात लूकने सांगितलेल्या दाखल्यातला माळी फळ न देणारे अंजिराचे झाड तोडू देत नाही. आणखी एक वर्ष मागून घेतो, आणि त्या वर्षात भोवताली खणून खत घालण्याचे वचन देतो. आपण या दाखल्यावर प्रवचने ऐकतो ती देवाच्या सबुरीविषयी. ती सबुरी ज्या खतातून व्यक्त होणार होती ते कोणी तरी उचलून, मुरवून ठेवलेले असणार, हे आपल्या ध्यानात राहत नाही.

येथवर घरातल्यांविषयी झाले. कुंपणापलीकडच्यांचाही विचार हवा. खुराड्याची घाण गटारात लोटली किंवा शेजाऱ्याच्या विहिरीकडे वाहू दिली, तर आपण झाडले नाही, फक्त सरकवले. २००६ च्या फेब्रुवारीत नवापूरला बर्ड फ्लू आढळला, तेव्हा कोंबड्यांची निगा ही एका घराची खाजगी बाब राहत नाही हे अवघ्या महाराष्ट्राने पाहिले. आणि ज्यांनी कोंबड्या पाळलेल्याच नाहीत त्यांनी हात झटकू नयेत. दुकानातल्या स्वच्छ अंड्याचीही शीट कोठे तरी पडलेली असते : हजारो कोंबड्या जेथे कागदाच्या पानाएवढ्या जागेत पिंजऱ्यात उभ्या असतात, तेथे, कोणाच्या तरी गावालगत, कोणाच्या तरी मजुरीवर. परसातल्या कोंबडीचे एवढे उपकार मानलेच पाहिजेत की, ती आपली घाण आपल्या नजरेसमोर ठेवते.

मग करावे काय? आम्हांस सुचते ते साधे आहे. घरात पाळी लावावी आणि तीत कर्त्या पुरुषाचे नाव पहिले असावे. मुलाला आणि मुलीला खराटा एकाच वयात द्यावा. मदतीला माणूस असेल तर त्याला रास्त मजुरी, हातमोजे, साबण आणि आपल्याच कपातला चहा द्यावा. आणि आठवड्यातून एक दिवस ते काम आपण स्वतः करावे, म्हणजे आपण कशाची मजुरी देतो हे कळत राहील. एवढे जमत नसेल तर कोंबड्या कमी कराव्यात. जितक्या जिवांची घाण आपण लाज न बाळगता काढू शकतो, तितकेच जीव पाळण्याचा आपल्याला अधिकार आहे.

कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, असे आपल्याकडे म्हणतात. तसेच, दुसऱ्याच्या हातांनी झाकली म्हणून आपली घाण आपली असायची राहत नाही.