पिकाचे माप

देशाची शेती सुधारली की नाही, हे खळ्यावरील पोत्यांवरून ठरविण्याची आपली जुनी चाल आहे. ह्या मापाविषयी आम्हांस संशय वाटतो. पोती दुप्पट झाली आणि विहीर दोन परस खोल गेली, तर ते उत्पन्न कसले? ते मुद्दल खाणे होय. आणि मुद्दल तर नातवंडांचे!

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार येथे दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडितात. माणसांचे व गुरांचे पाणी आधी बाजूस काढितात, मग उरलेल्यावरून पिके ठरवितात. ऊस व केळी तेथे वर्ज्य. शेतीसाठी कूपनलिकाही वर्ज्य. कर्ज डोक्यावर असता उसाचा रोकड पैसा सोडणे कठीण, हे आम्ही जाणतो. तथापि वहीत पोत्यांशेजारी विहिरीचे पाणीही लिहावयास काय हरकत आहे?